आकाश सांभाळायचं की जमीन? रॉ, ब्रॅकेटिंग आणि फिल्टर

सूर्य क्षितिजाशी आला की फोटोत आकाश धरावं तर जमीन काळीठिक्कर आणि जमीन धरावी तर आकाश पांढरंफटक. दुखणं जुनंच आहे. फ्रेंच फोटोग्राफर गुस्ताव्ह ल ग्रे १८५० च्या दशकात समुद्र एका निगेटिव्हवर, आकाश दुसऱ्यावर घेऊन दोन्ही एकाच कागदावर छापायचा.

आधी दोन्हींच्या उजेडातला फरक मोजा. स्पॉट मीटरिंगने, म्हणजे फ्रेममधल्या एका छोट्या ठिपक्याचा उजेड मोजून, एकदा आकाश, एकदा जमीन. फरक दोन-तीन स्टॉपचा असेल (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) तर एकच रॉ फ्रेम, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, पुरते. आकाशाला सांभाळून एक्स्पोजर द्या, सावल्या नंतर उजळा. हायलाइट, म्हणजे सर्वात उजळ जागा, एकदा फुटली, पार पांढरी झाली, की तिथला तपशील परत येत नाही, सावलीत मात्र बराच दडलेला असतो. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० वर चांगला सेन्सर तेवढं सोसतो. आयएसओ वाढवलात की नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, डोकं वर काढतो. कॅमेऱ्यातला हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, रॉवरून नाही तर जेपेगवरून काढलेला असतो, त्यामुळे तो जरा जास्तच घाबरवतो.

फरक त्याहून मोठा असेल तर ब्रॅकेटिंग, म्हणजे एकाच दृश्याच्या कमी-जास्त एक्स्पोजरच्या तीन फ्रेम घेऊन नंतर जोडणं: −२, ०, +२ स्टॉप. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) कायम, बदलायचा फक्त शटरचा वेग. डोंगर, झाडांचे शेंडे असं वेडंवाकडं क्षितिज असेल तर याला तोड नाही, कारण जोड हवा तिथे देता येतो. फांद्या हलत असतील किंवा लाटा येत असतील, तर तीन फ्रेम जुळवताना भुतं, म्हणजे दुहेरी धूसर आकृत्या, दिसू लागतात. शिवाय ट्रायपॉड आणि घरी बसून काम. सॉफ्टवेअरवर सगळं सोपवलंत तर कडांभोवती प्रभावळ उमटते. मला तर ती काळ्या जमिनीपेक्षा जास्त खुपते.

ग्रॅज्युएटेड एनडी फिल्टर (लेन्ससमोर लावायचा, वर गडद आणि खाली पारदर्शक) मी शेवटी घ्यायला सांगेन. त्यावरचा आकडा ०.६ म्हणजे दोन स्टॉप गडद, ०.९ म्हणजे तीन. लाटांचं लाँग एक्स्पोजर एकाच फ्रेममध्ये हवं असेल तिथे तो खरा कामाला येतो. सरळ समुद्ररेषेला हार्ड (गडदपणा एकदम संपणारा), बाकी ठिकाणी सॉफ्ट (हळूहळू विरणारा). पण रेषेच्या वर डोकावणारं झाड अर्धं काळं होणारच. पाण्यात प्रतिबिंब असेल तर हात आखडता ठेवा. प्रतिबिंब आकाशापेक्षा मुळातच थोडं गडद असतं. फिल्टर जास्त झाला आणि पाणी आकाशाहून उजळ निघालं, तर पाहणाऱ्याला चूक सांगता येणार नाही, पण डोळा अडखळेल.