अप-डाऊनसाठी डिझेल हॅचबॅक : जालना ते शेंद्रा, रोजचे नव्वद किलोमीटर

जालन्यात राहून छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या माणसाला गाडी निवडताना दोन हिशेब एकाच वेळी मांडावे लागतात. रोजचे जाणे-येणे मिळून नव्वद किलोमीटर आणि महिन्याचे कामाचे पंचवीस दिवस धरले, तर केवळ अप-डाऊनपायी दरमहा सव्वादोन हजार किलोमीटर होतात. म्हणजे इंधनाचा खर्च हा घरभाड्यासारखा न चुकणारा खर्च ठरतो. दुसरीकडे, आयुष्यातले रोजचे दोन तास ज्या आसनावर जाणार आहेत, तिथे बसताना मनाला काही उभारी वाटावी, ही अपेक्षा मला चैनीची वाटत नाही. बदनापूर, शेलगाव, करमाड असा तोच रस्ता वर्षानुवर्षे कापायचा असेल, तर चालवायला आनंद देणारी आणि तरीही खिशाला परवडणारी गाडी शोधण्यासाठी दोन महिने घालवणे मला योग्य वाटले. त्या शोधातून मी वापरलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीडीआय (टीडीआय म्हणजे फोक्सवॅगन समूहाचे टर्बो डिझेल इंजिन) घेतली. ती का घेतली आणि कोणी घेऊ नये, हे सविस्तर लिहितो.

आधी इंधनाचा प्रश्न. मराठवाड्यात इंधन एरवीही स्वस्त नाही. परभणीसारख्या जिल्ह्याला पार मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून टँकर येतात आणि तो वाहतूकखर्च पंपावरच्या दरात उतरतो, हे इकडच्या प्रत्येक गाडीवाल्याला पाठ आहे. पेट्रोल १०५ रुपयांच्या आणि डिझेल ९२ रुपयांच्या आसपास धरून मी हिशेब केला. शंभर-एकशेदहा पीएस (अश्वशक्तीचे माप) शक्तीची टर्बो पेट्रोल हॅचबॅक मनासारखी चालवली तर लिटरला पंधरा किलोमीटरच्या वर नेणे अवघड असते. तेवढ्याच शक्तीचे डिझेल इंजिन त्याच हाताखाली वीस देते. महिन्याला पेट्रोलचे १५,७५० रुपये आणि डिझेलचे १०,३५० रुपये, म्हणजे फरक पाच हजारांहून अधिक. वर्षाचे हे पैसे पासष्ट हजारांच्या घरात जातात आणि विमा, टायर व सर्व्हिसिंग त्यात भागते. सीएनजीची गाडी याहून स्वस्त पडते हे मला मान्य आहे, परंतु सिलिंडरखाली गेलेली डिकी, पंपावरची रांग आणि ओव्हरटेकच्या वेळी कमी पडणारा जोर या तीन गोष्टींमुळे मी तिचा विचार लवकरच सोडून दिला.

आता आनंदाचा प्रश्न, आणि माझ्या मते खरी निवड येथेच होते. जाहिरातीत इंजिनाची शक्ती पीएसमध्ये मोठ्या अक्षरांत छापलेली असते, पण आपल्या रस्त्यांवर गाडीची मजा ठरते ती टॉर्कवर, म्हणजे चाके फिरवणाऱ्या जोरावर, आणि तोही इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना हाताशी येतो यावर. आमचे शेत घनसावंगी तालुक्यात आहे आणि दर रविवारी अंबडमार्गे तिकडे जाणे असते. गाळप हंगामात त्या दुपदरी रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर ओळीने चाललेले असतात, मागे दिवा नसतो, उसाची वाढे रस्त्यावर लोंबत असतात आणि काळ्या मातीच्या भरावावर बांधलेला रस्ता जागोजागी दबलेला असतो. अशा वेळी तासाला चाळीस किलोमीटरवरून ऐंशीपर्यंत गाडी किती सेकंदांत पोचते यावर, म्हणजे समोरच्या लेनमध्ये आपण किती वेळ राहतो यावर, घरच्यांचा जीव अवलंबून असतो. पोलो जीटी टीडीआयचे १,४९८ सीसीचे इंजिन ११० पीएस शक्ती आणि २५० न्यूटन मीटर टॉर्क देते, आणि तो पूर्ण टॉर्क १,५०० फेऱ्यांपासून मिळू लागतो. तिसऱ्या गिअरमध्ये ट्रॅक्टरच्या मागे संयमाने चालत राहायचे, पुढचा रस्ता पूर्ण मोकळा दिसला की पाय दाबायचा, आणि गाडी एखाद्या मोठ्या हाताने मागून ढकलल्यासारखी पुढे सरकते. गिअर बदलण्याची घाई नाही, इंजिनाचा आक्रोश नाही. पेट्रोल इंजिनाची मजा वरच्या फेऱ्यांत आहे आणि ती मी नाकारत नाही, पण ती चाखायला मोकळा रस्ता लागतो. डिझेलची मजा रोजच्या रहदारीतच मिळते.

एक वस्तुस्थिती सुरुवातीलाच लक्षात घ्यावी लागते, ती म्हणजे नव्या गाड्यांच्या बाजारात डिझेल हॅचबॅक जवळजवळ उरलेल्या नाहीत. १ एप्रिल २०२० पासून धुरातल्या प्रदूषणाची बीएस-६ मानके लागू झाली आणि लहान डिझेल इंजिनांवर धूर शुद्ध करणारी महागडी यंत्रणा बसवणे कंपन्यांना परवडेनासे झाले. मारुतीने डिझेल सोडले, त्यामुळे फियाटच्या १.३ लिटर मल्टिजेट इंजिनावर चालणारी स्विफ्ट गेली. फोक्सवॅगननेही पोलोतले डिझेल थांबवले. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतातले उत्पादन बंद करण्याची घोषणा केली आणि फिगो संपली. २०२३ मध्ये प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जनाची चाचणी आवश्यक झाल्यावर ह्युंदाईची डिझेल आय-२० ही बंद झाली. शोरूममध्ये मिळणारी एकच गाडी राहिली, ती टाटा अल्ट्रोज.

अल्ट्रोजबद्दल मी आदराने लिहितो, कारण ती मी जवळजवळ घेतली होती. तिचे १,४९७ सीसीचे डिझेल इंजिन ९० पीएस आणि २०० न्यूटन मीटर देते, टॉर्क १,२५० फेऱ्यांपासून मिळतो, डिकी ३४५ लिटरची आहे आणि २०२० च्या आरंभी ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या अपघात-सुरक्षा चाचणीत तिला पाच तारे मिळाले. तिची दारे नव्वद अंशांत उघडतात, आणि गुडघेदुखीमुळे गाडीत बसण्याचा कंटाळा करणारी माझी आई त्या गाडीत कोणाच्याही आधाराविना बसली, तेव्हा "ही घे की रे, कामून इचार करायलास?" असे ती म्हणाली होती. महामार्गावर अल्ट्रोज जड आणि स्थिर वाटते, खड्डे निमूटपणे पचवते. तरीही ज्या अर्थाने हॉट हॅचबॅक, म्हणजे चपळ आणि जोरदार छोटी गाडी, हा शब्द वापरतात, तो तिच्या डिझेल रूपाला लागू होत नाही. ती समंजस गाडी आहे. ज्याला हमी हवी आहे, मागच्या आसनावर रोज मोठी माणसे बसणार आहेत आणि जुन्या गाडीच्या भानगडीत पडायचे नाही, त्याने अल्ट्रोजच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या डिझेल गाडीवर १३ टक्के वाहन कर पडतो, पेट्रोलवर तो ११ टक्के आहे, हा फरक मात्र किमतीत धरावा.

वापरलेल्या गाड्यांत मी चार गाड्यांचा विचार केला. फिगोचे १.५ लिटर इंजिन १०० पीएस आणि २१५ न्यूटन मीटर देते आणि गाडी वजनाने हलकी असल्यामुळे ती चपळाईत पोलोच्या बरोबरीने उभी राहते. इंधनाच्या बाबतीत तर ती या सर्वांत काटकसरी आहे. किंमतही सर्वांत कमी. तिचे सुटे भाग मिळतात, पण उत्पादनच थांबलेले असल्यामुळे आणखी आठ-दहा वर्षे गाडी ठेवू इच्छिणाऱ्याने दुरुस्तीची जवळची सोय आधी पाहून ठेवावी. बजेट चार लाखांच्या आत असते तर मी हीच गाडी घेतली असती. २०२० नंतरची आय-२० डिझेल १०० पीएस, २४० न्यूटन मीटर आणि सहा गिअरची आहे. सहाव्या गिअरमध्ये समृद्धी महामार्गावर तिचे इंजिन इतके शांत राहते की लांबच्या प्रवासाला ती पोलोहून सरस आहे. तशा गाड्या बाजारात कमी येतात आणि आल्या तर किंमत चढी असते. फियाट पुंटोचे नाव घेताना मन हळवे होते, कारण तिच्यासारखे स्टिअरिंग आणि तिच्यासारखी रस्त्यावरची पकड या किमतीत पुन्हा कोणी दिली नाही; परंतु रोज नव्वद किलोमीटर चालवायची गाडी म्हणून ती आता वयाने फार झाली.

पोलोकडे वळण्याचे एक कारण शेंद्र्याच्याच मातीत आहे. २००१ पासून तिथे स्कोडाच्या कारखान्यात ऑक्टाव्हियाची जुळणी होऊ लागली आणि तिच्या १.९ लिटर टीडीआय इंजिनाने डिझेल गाडीही हौसेने चालवता येते हे अनेकांना पहिल्यांदा दाखवून दिले. पोलो चाकणला बनत असली तरी तिचेच १.५ टीडीआय इंजिन स्कोडा रॅपिडमध्येही होते, त्यामुळे छत्रपती संभाजीनगरात या इंजिनावर हात बसलेले मेकॅनिक सापडतात. बीड, परभणी किंवा हिंगोलीत राहणाऱ्याला ही सोय तितकी जवळ नसेल, आणि त्याने याच कारणासाठी अल्ट्रोजला झुकते माप द्यावे.

गाडी शोधताना आलेला एक अनुभव इतरांच्या उपयोगी पडावा म्हणून नोंदवतो. एका विक्रेत्याकडे दाखवलेल्या गाडीच्या मीटरवर ४८,००० किलोमीटर होते, पण क्लचच्या पेडलचे रबर गुळगुळीत झाले होते आणि स्टिअरिंगवरचे चामडे चकाकत होते. नंबरावरून सर्व्हिसिंगच्या नोंदी काढल्या तेव्हा दोन वर्षांपूर्वीच ती गाडी एक लाखाच्या पुढे गेलेली निघाली. त्या दिवसापासून नोंदी हाती आल्याशिवाय गाडी बघायलाही जायचे नाही, असे मी ठरवले. माझ्या ओळखीच्या मेकॅनिकने दिलेला सल्ला असा होता : "सर, रंग-बिंग नंतर बघा, आधी टायमिंग बेल्ट कव्हा बदलला ते इचारा." टीडीआय इंजिनात साखळी नसून बेल्ट असतो, तो तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिन उघडावे लागते. म्हणून बेल्ट बदलल्याची पावती नसेल, तर तो खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावी आणि गाडी ताब्यात आल्यावर पहिले काम तेच करावे. त्यासोबत थंड इंजिन आपल्यासमोर सुरू करायला लावावे, टर्बोच्या पाइपला तेल सुटले आहे का ते पाहावे आणि चौथ्या गिअरमध्ये चढावर जोर देऊन क्लच घसरतो का ते तपासावे. गाडी २०१५ किंवा त्याआधीची असेल तर आणखी एक कागद मागावा. ईए-१८९ या मालिकेच्या टीडीआय इंजिनांसाठी त्या वर्षाच्या डिसेंबरात कंपनीने भारतात तीन लाखांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याची घोषणा केली होती. ती दुरुस्ती झाली आहे का, हे नोंदीत दिसले पाहिजे. जीटी टीडीआय २०१३ मध्ये आली तेव्हा १.६ लिटर इंजिनाची होती, पुढे १.५ लिटरची झाली आणि त्यानंतर तिची शक्ती १०५ वरून ११० पीएसवर गेली. शक्य असेल तर शेवटच्या दोन-तीन वर्षांतली गाडी घ्यावी. मला २०१९ ची, एकाच मालकाची, एमएच-२० पासिंगची गाडी मिळाली.

रोजच्या वापरात ती कशी आहे? सकाळी सातला जालना सोडले की पाचव्या गिअरमध्ये ताशी नव्वदच्या वेगाला इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या आसपास गुणगुणत राहते. टाकी पूर्ण भरून पुन्हा पूर्ण भरेपर्यंतचे माप घेतले, तर शांत हाताने २१ आणि उत्साहाने चालवली तर १८ किलोमीटर मिळतात. ४५ लिटरची टाकी असल्यामुळे आठवड्यातून एकदाच, तेही ठरलेल्या पंपावर, डिझेल भरावे लागते. समृद्धीवर मी क्वचितच जातो, कारण रोजच्या अंतराला टोल परवडत नाही. पण गेलोच तर टायरमधली हवा आधी तपासतो, कारण एप्रिल-मेमध्ये तापलेल्या काँक्रीटवर कमी हवेचा टायर धोक्याचा असतो. खरा आनंद मात्र खुलताबादवरून म्हैसमाळला चढणाऱ्या घाटात आहे. दुसऱ्या गिअरमध्ये वळण घेतल्यावर बाहेर पडताना गाडी ज्या ओढीने वर जाते, तो क्षण मला अजूनही नवा वाटतो. इंजिन जड असल्यामुळे फार तीव्र वळणावर पुढचा भाग किंचित बाहेर ओढला जातो, म्हणून वेग वळणाआधीच कमी करावा लागतो. घाट संपल्यावर लगेच इंजिन बंद न करता अर्धा मिनिट चालू ठेवले की तापलेल्या टर्बोला तेल मिळत राहते.

मागच्या आसनावर पाय ठेवायला जागा आय-२० किंवा अल्ट्रोजपेक्षा कमी आहे आणि २८० लिटरच्या डिकीत लग्नाचे सामान मावत नाही. ज्या घरात एकच गाडी आणि पाच माणसे आहेत, तिथे ही गाडी योग्य नाही. शहरातल्या शहरात, उस्मानपुरा ते सिडको अशी रोज दहा-बारा किलोमीटर फिरणाऱ्याने तर कोणतीच डिझेल गाडी घेऊ नये. बीएस-६ डिझेलमध्ये धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ होण्यासाठी धूर बराच वेळ चांगला तापावा लागतो आणि ते मोकळ्या रस्त्यावर सलग चालल्यानेच होते. सिग्नलपासून सिग्नलपर्यंतच्या वापरात तो तुंबतो आणि वाचवलेले इंधन त्याच्या दुरुस्तीत जाते. माझ्या मते दिवसाचे साठ किलोमीटर, आणि तेही बहुतांश सलग, ही डिझेलची किमान अट आहे.

ती अट पूर्ण होत असेल, मागे मुले किंवा दप्तर एवढेच बसणार असेल आणि सर्व्हिसिंगला शहर गाठण्याची तयारी असेल, तर नोंदी स्वच्छ असलेली २०१७ ते २०१९ मधली जीटी टीडीआय शोधावी. एमएच-२० आणि एमएच-२१ मध्ये, म्हणजे संभाजीनगर आणि जालन्यात, मिळाली नाही, तर एमएच-२४ आणि एमएच-२६ मधल्या, म्हणजे लातूर आणि नांदेडच्या गाड्या पाहाव्यात. तिकडून पुण्या-हैदराबादचे लांब पल्ले केलेल्या गाड्या येतात. त्यांच्या मीटरवर किलोमीटर जास्त दिसतात, पण ते मोकळ्या रस्त्याचे असतात आणि इंजिन बहुधा शहरातल्या कमी चाललेल्या गाडीपेक्षा निरोगी असते.