टॅपेट कव्हरचं पावडर कोटिंग : उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गाडी २००२ ची होंडा सिटी, १.५ व्हीटेक. १०६ बीएचपीचं हे इंजिन वरच्या आरपीएमला आजही जे गातं, त्यावर माझा जीव आहे. म्हणूनच बॉनेट उघडलं की डागाळलेलं, कडेनं तेल पाझरणारं टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण, बघवत नव्हतं. उन्हाळ्याच्या तोंडावर ते काढून लाल रिंकल (सुरकुत्यांच्या) फिनिशमध्ये पावडर कोट करून घेतलं, म्हणजे रंगाची कोरडी पूड मारून भट्टीत भाजून घेतलं. गाडी माहीमला उघड्यावरच उभी असते.

रंग अजून होता तसा आहे. तेल भरताना ओघळ आला तर पुसला की जातो, डिग्रीझरनं धुऊनही कुठे पापुद्रा सुटलेला नाही. फक्त रिंकलच्या सुरकुत्यांत धूळ बसते आणि ती फडक्याला दाद देत नाही, मऊ ब्रश लागतो. उठावाची ‘होंडा’ अक्षरं घासून ॲल्युमिनियम उघडं ठेवलं होतं. त्यांवर मात्र पावसाळ्यात खाऱ्या दमट हवेनं पांढुरके ठिपके धरले. आता पॉलिश करून वर क्लिअर कोट मारलाय.

खरी मेहनत रंगाच्या आधीची. ओतीव ॲल्युमिनियमच्या छिद्रांत वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं असतं. पावडर कोटिंगची भट्टी १८० ते २०० अंशांवर चालते. त्या तापात हे तेल बाहेर येतं आणि कोटिंगला फोड, टाचणीएवढी भोकं पडतात. माझ्या कोटिंगवाल्यानं कव्हर आधी नुसतंच भाजलं, वर आलेलं तेल थिनरनं पुसलं, पुन्हा भाजलं आणि मगच पावडर मारली. एवढं करायला जो तयार नसेल त्याच्याकडे काम देऊ नका.

सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूच्या माऱ्यानं जुना रंग काढणं, मी करूच दिलं नाही. कव्हरच्या आत ब्रीदरसाठी (इंजिनातली वाफ बाहेर पडायची वाट) बॅफल प्लेट, म्हणजे तेल अडवणारा पत्रा, असते. तिच्यामागे वाळूचे कण अडकले तर कितीही धुवा, पुढे कधीतरी ते तेलात उतरतात आणि थेट बेअरिंग खातात. जुना रंग पेंट रिमूव्हरनं काढला. वेळ गेला, पण इंजिनाशी खेळ नको.

काढताना इंजिन पूर्ण थंड हवं. स्पार्क प्लगच्या वायरी टोकाच्या रबरी बुटाला धरून ओढायच्या, नट थोडे थोडे आळीपाळीनं सैल करायचे. कव्हर चिकटलं असेल तर रबरी हातोडीनं हलके टोले द्यायचे. फटीत स्क्रूड्रायव्हर घातला की बसायच्या कडेला ओरखडा पडतो आणि गळती कायमची. कव्हर कोटिंगला असेपर्यंत उघड्या पडलेल्या कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) स्वच्छ कापड आणि वर प्लास्टिक, कारण मुंबईची धूळ काही थांबत नाही. उघडलंच आहे तर टॅपेट क्लिअरन्सही (व्हॉल्व्हजवळची बारीक फट) तपासून घ्या.

बसवताना ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्ट बाजारातून आणलेलं नवं गॅस्केट (कडेचं रबरी सील), चारही प्लगचे सील आणि नटांखालचे रबरी वॉशर घातले. कोपऱ्यांत सिलिकॉनचा एकेक ठिपका. नट साधारण १० न्यूटन मीटर इतक्या मोजक्या जोरानंच आवळले; आपल्याकडे मेकॅनिक हाताच्या अंदाजानं आवळतात आणि त्यात गॅस्केट चेपतं, स्टडही तुटतो. तेव्हापासून प्लगच्या खोबणी कोरड्या आहेत, कडेलाही तेल नाही.

मित्रानं त्याच सुमारास त्याच्या सिटीचं कव्हर डब्याच्या रिंकल स्प्रेनं रंगवलं. स्वस्तात झालं आणि दिसायलाही झकास होतं, पण तेलाच्या झाकणाभोवतीचा रंग आता मऊ पडून नखानं निघतोय. गाडी शोसाठी असेल तर स्प्रे चालेल. रोज पळवायची असेल तर पावडर कोटच करा.