भाव स्क्वेअर फुटाचा, चोरी घनफुटातली

ऐरोलीतल्या एका रो-हाऊसपुढचं पार्किंग, २० फूट बाय १५. ‘चार इंच एम-ट्वेंटी, मटेरियलसह, स्क्वेअर फुटाला इतके’ असं काँक्रीटचं काम तोंडी ठरलं (एम-ट्वेंटी ही काँक्रीटच्या ताकदीची प्रत) आणि निम्मे पैसे आगाऊ गेले. डिसेंबरात काम झालं. जुलैत गाडीच्या चाकाखाली भेग पडली, गणपतीपर्यंत तुकडा खचला. तो उचलून टेप लावली, तर कडेला चार इंच आणि मध्ये जेमतेम दोन.

हे कसं जमवतात? कडेची फळी चार इंचाची असते आणि घरमालक तेवढीच बघतो. मधलं सोलिंग, म्हणजे काँक्रीटखालचा दगडांचा थर, मुद्दाम उंच ठेवलेलं असतं. कुणी विचारलंच तर ‘साहेब, ढाळ दिलाय’ हे उत्तर तयार. पण ढाळ, साधारण शंभराला एक, सोलिंगलाच द्यायचा असतो, म्हणजे वरची जाडी सगळीकडे तेवढीच राहते. समोरासमोरच्या फळ्यांच्या वरच्या कडेवर दोरी ताणून बांधायची आणि दर चार फुटांवर दोरीपासून सोलिंगपर्यंत टेप सोडायची. साडेतीन भरले तरी तिथलं सोलिंग खाली घ्यायला लावायचं. हे मिक्सर सुरू व्हायच्या आधी, कारण नंतर ‘माल सुकतोय’ची घाई सुरू होते.

भाव स्क्वेअर फुटाचा असला तरी माल घनफुटात जातो. ३०० फूट गुणिले चार इंच म्हणजे १०० घनफूट, बरोबर एक ब्रास. सिमेंट, रेती, खडी एकास दीड, तीन या प्रमाणात त्याला सिमेंटच्या २२-२३ बॅगा, सुमारे ४२ घनफूट रेती आणि ८४ घनफूट खडी लागते. ऐरोलीत काम संपल्यावर रिकाम्या गोण्या मोजून दाखवल्या, बरोबर २२. त्यातल्या १२ एका ब्रँडच्या होत्या. उरलेल्या १० वेगळ्याच, चुरगळलेल्या, तळाशी सिमेंटचा दगड झालेल्या. म्हणजे दुसऱ्या साइटवरून उचलून आणलेल्या. म्हणून गोण्या मोजायच्या त्या भरलेल्या, टेम्पोतून उतरताना. गोणीवर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. तीन महिन्यांवरचा माल परत पाठवा.

रेती-खडी घमेल्याने मोजू देऊ नका. घमेलं कधी शिगोशीग, कधी अर्धं. एका बॅगेएवढा, ३५ लिटरचा फर्मा, म्हणजे मापाची पेटी, मागा. पाणी बॅगेमागे २५ लिटरच्या आसपास, रेती ओली असेल तर त्याहून कमी. पाइप सोडून माल पातळ केला की मजुरांना पसरायला सोपं जातं, मग वर पाणी येतं आणि ते टिपायला कोरडं सिमेंट भुरभुरतात. दिसतं गुळगुळीत, पण काही महिन्यांत वरचा पापुद्रा पीठ होऊन झाडूला लागतो. दुसऱ्या दिवशी आठ-दहा फुटांवर इंचभर खोल जॉइंट कापून घ्या, नाहीतर काँक्रीट स्वतःच्या मर्जीने फुटतं. बाजारातलं बहुतेक सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं, असतं, त्याला किमान १० दिवस पाणी हवं. दोन दिवस पाइप मारून निघून गेले तर ते क्युरिंग नव्हे. खाली जाळी टाकणार असाल तर खाडीची स्वस्त रेती नको, मिठाने सळई गंजते.

डांबराची तऱ्हा वेगळी. ठाण्यात सोसायटीच्या गेटवर माणूस येतो: ‘पालिकेच्या रस्त्याचा माल उरलाय, आजच्या आज टाकून देतो.’ गरम माल पसरताना १४० अंशांच्या आसपास हवा. ९० च्या खाली गेला की रोलर फिरवून उपयोग नाही. ताडपत्रीशिवाय घोडबंदरच्या कोंडीत अडकलेला अर्धा टेम्पो काय तापमानाचा असेल, विचार करा. दाबून एक इंच जाडी हवी असेल तर ३०० फुटांना सुमारे १.६ टन माल लागतो. वजनकाट्याची पावती मागितली की निम्मे लोक तिथूनच वळतात. खालचा थर झाडून, धुऊन, कोरडा करून त्यावर टॅक कोट, म्हणजे पातळ डांबराचा चिकट हात, मारला नाही, तर पहिल्या पावसात डांबर पापडासारखं सुटतं. नवा थर फार चकचकीत दिसला तर वास घ्या. रॉकेल किंवा जळकं इंजिन ऑइल फवारून काळेपणा आणतात, आणि त्यानेच डांबर मऊ पडतं.

निम्मी रक्कम आगाऊ कशासाठी? टोकन १० टक्के, मटेरियल साइटवर उतरल्यावर पुढचा हप्ता, आणि शेवटचे १०-१५ टक्के २८ दिवसांनी. फसलात तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही. दोरी आणि टेपचा फोटो तिथे कामाला येतो. ऐरोलीच्या पावतीवर एवढंच लिहिलं होतं: ‘पार्किंग काँक्रीट, ३०० फूट.’ इंचाचा आकडा कुठेच नव्हता.