चकती वाजवली की तापणारी शेकपिशवी: एका हिवाळ्याच्या वापरानंतर

निफाडची पहाटेची थंडी आणि आईचे गुडघे, यासाठी दिवाळीच्या सुमारास ही पिशवी घेतली. जाड पारदर्शक प्लॅस्टिक, आत पाण्यासारखा द्रव, त्यात छोटी पोलादी चकती. चकती टक्‌कन वाजवली की तिच्यापासून पांढरे स्फटिक फुटतात, काही सेकंदांत पिशवीभर पसरतात आणि पिशवी तापते. उन्हं तापेपर्यंत रोजच्या वापरात होती.

आत आहे सोडियम ॲसिटेट. त्याचे पाणी धरून ठेवणारे स्फटिक 58 अंशांना वितळतात, पण निवताना तो पुन्हा गोठतच नाही. खोलीच्या तापमानालाही द्रवच राहतो. चकतीमुळे स्फटिकाचं पहिलं बीज पडलं की गोठणं सुरू होतं आणि वितळताना घेतलेली उष्णता बाहेर येते, किलोमागे साधारण 260 किलोज्यूल. मला सर्वांत आवडलेली गोष्ट पुढची आहे. पहिल्या झपाट्यात सगळा द्रव गोठत नाही. तापमान वितळबिंदूपाशी पोचलं की गोठणं अडतं, आणि अंगाला उष्णता जाईल तसतसा उरलेला द्रव गोठत जातो. म्हणून शेक सुरुवातीला चटका आणि मग कोमट असा न लागता बराच वेळ एकसारखा लागतो. आईला अर्धा तास छान पुरतो.

उष्मादायी अभिक्रियेचं उदाहरण म्हणून ही पिशवी मुलांना दाखवली जाते, ते मला पटत नाही. इथे नवा पदार्थ बनत नाही, फक्त अवस्था बदलते. म्हणून तर ती पुन्हा वापरता येते. खरी रासायनिक अभिक्रिया हिमालयातल्या ट्रेकला नेतात त्या लोहचूर्णाच्या पुडीत होते. फोडली की हवेतल्या ऑक्सिजनने लोखंड गंजू लागतं आणि कित्येक तास ऊब मिळते. पण त्या गंजाचं घरी पुन्हा लोखंड करता येत नाही, पुडी कचऱ्यात जाते.

पिशवी पुन्हा तयार करायला दहा-पंधरा मिनिटं पाण्यात उकळावी लागते. भांड्याच्या तळाशी फडकं घाला, प्लॅस्टिक तापल्या धातूला टेकू नये. शिवणीपाशी एखादा कण न वितळता राहिला तर निवताना सगळी पिशवी आपोआप गोठते, तेव्हा ती उजेडात धरून नीट पाहा. मायक्रोवेव्हमध्ये अजिबात ठेवू नका, आत धातू आहे.

रात्रभराच्या उबेसाठी मात्र ही नाही. लिटरभर गरम पाण्याच्या रबरी पिशवीत एकूण उष्णता हिच्यापेक्षा जास्त मावते. हिचा खरा उपयोग प्रवासात, वीज नसताना, किंवा पहाटे गॅस पेटवायच्या आधी. आमच्या पिशवीची शिवण फेब्रुवारीत एका कोपऱ्यात सुटली आणि थोडा द्रव पाझरला. हे मीठ खाद्यपदार्थांतही वापरतात, त्यामुळे डाग पुसून काढण्यापलीकडे काळजी नव्हती, पण विकत घेताना शिवण रुंद आहे ना ते बघा. आणि मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांना ही थेट त्वचेवर देऊ नका. पन्नाशीच्या वरचं तापमान त्यांना जाणवत नाही आणि फोड येतो. टॉवेलची दुहेरी घडी मध्ये हवीच.