फोंड्यातलं हार्ट पेशंटसाठीचं रिहॅब सेंटर, बाबांच्या १२ सेशननंतर लिहितेय

बाबांना अटॅक आला, बांबोळीच्या हॉस्पिटलात अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची छोटी नळी) बसला. डिस्चार्ज मिळाला तेव्हा वाटलं सुटलो एकदाचे. पण घरी आल्यावर माणूस गप्पच झाला. रात्री २ वाजता उठून मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजत बसायचे, मी पाणी प्यायला उठले की पटकन हात चादरीखाली. ३० वर्षं वाड्यावरच्या देवळात भजनाला बसणारे बाबा, भजन सोडलं, म्हणे वरचा सूर लावताना छातीत काही झालं तर? आणि आई त्यांना कळशीसुद्धा उचलू देईना.

डॉक्टरांनीच इथं पाठवलं. पहिल्या दिवशी मशीनवर चढवलंच नाही, कॉरिडॉरमध्ये ६ मिनिटं चालायला लावलं, आधी नि नंतर बीपी, नाडी, ऑक्सिजन बघितलं. मग ९ प्रश्नांचा एक कागद, गेल्या २ आठवड्यांत मन उदास होतं का, झोप लागते का, असलं. बाबा सगळ्याला नाही नाही म्हणत गेले आणि झोपेच्या प्रश्नावर अडकले. प्रश्न विचारणाऱ्या मॅडमनी घाई केली नाही. बऱ्याच वेळानं म्हणाले, "झोपलो तर सकाळी उठेनच ह्याची काय खात्री." महिनाभर हे आम्हाला कोणालाच सांगितलं नव्हतं हो. मी बाजूला बसून रडले. मॅडम म्हणाल्या, काका, अटॅकनंतर हे खूप जणांना होतं, लाजायचं काही नाही, हेही हृदयाच्या दुखण्यातच धरायचं. त्यांच्याच सांगण्यावरून पुढं कौन्सेलरकडे ३ वेळा जाऊन आलो.

नाडी ५६ दिसली की बाबा घाबरायचे, तर तीही समजूत इथंच पटली, की डॉक्टरांनी दिलेली एक गोळी नाडी मुद्दाम कमी ठेवते. म्हणून चालताना घड्याळाकडे बघू नका, बोलून बघा. दोन वाक्यं नीट बोलता आली पण गाणं म्हणायला दम पुरला नाही तर वेग बरोबर, बोलताच येईना तर हळू व्हा. आमचे भजनी बाबा, त्यांना हे माप लगेच पटलं, ट्रेडमिलवर अभंगाची ओळ गुणगुणून बघायचे. दर वेळी गोळ्यांची पिशवीही तपासतात, कारण रक्त पातळ करणारी गोळी डॉक्टरांना न विचारता बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते.

आईलाही आत बसवतात हे मला फार आवडलं. कळशीचं तिला बाजूला घेऊन समजावलं, किती वजन कधीपासून चालेल ते.

डाएटचा छापील कागद मात्र निरुपयोगी. ओट्स, ब्रोकोली, कोण खातंय आमच्याकडे? मी विचारल्यावर डाएटिशियननं पेननं नवीन लिहून दिलं, बांगडा, तारले खा पण रव्यात तळून नको, पेजेबरोबर खारं नि लोणचं बंद, दिवसाचं सगळं मिळून मीठ एका छोट्या चहाच्या चमच्याच्या आत. हाच कागद छापा ना मग.

लिफ्ट आमच्या १२ सेशनपैकी ४ वेळा बंद होती. हार्ट पेशंटांचं सेंटर आणि पहिल्या मजल्यावर, पहिल्याच आठवड्यात बाबांना जिना चढवताना माझे हातपाय गार पडले होते. पार्किंगही नाही.

बाबा गेल्या सोमवारी भजनाला गेले. मागच्या रांगेत बसले, टाळ धरला, सूर खालचाच ठेवला, पण बसले दीड तास.

५ पैकी ४ स्टार, एक लिफ्टचा कापला. आणि बॅच फक्त दुपारी ४ ची आहे ती सकाळीही सुरू करा प्लीज, माझ्या मावशीचं बायपास होऊन ४ महिने झाले, ती अजून अंगणाच्या पायऱ्या उतरत नाही, तिला आणायचंय.