बोलिंगचा प्लॅस्टिकचा स्पेअर बॉल, एक अख्खा पावसाळा वापरून (आणि अंगठ्याच्या भोकाची कटकट)

स्पेक्स लिहीत बसत नाही, ते खोक्यावर छापलेले असतात. चौदा पौंडी, पॉलिएस्टर म्हणजे आपलं साधं प्लॅस्टिक, फिंगरटिप ड्रिल (मधली दोन बोटं पहिल्या पेरापर्यंतच आत जातात अशी भोकं). ज्यांच्याकडे हुक होणारा, म्हणजे शेवटी वळणारा, रिॲक्टिव्ह बॉल आधीपासून आहे आणि तरी उजव्या कोपऱ्यातली दहा नंबरची पिन उभी राहून हसते त्यांच्यासाठी हे लिहितोय. आजच लिहायला बसलो कारण परवा ड्रिलिंगवाल्याशी, म्हणजे बॉलला बोटांची भोकं पाडून देणाऱ्याशी, पुन्हा वाजलं. तेच अंगठ्याचं भोक, तीच तक्रार, आणि घासून द्यायचे परत आठशे रुपये. त्यावर येतोच, आधी बॉलबद्दल बोलू.

हिशोब सरळ आहे. गेममध्ये दहा फ्रेम, पहिल्याच बॉलला दहाही पिना पडल्या तर स्ट्राइक, उरलेल्या दुसऱ्या बॉलला उचलल्या तर स्पेअर. एकही स्ट्राइक न मारता दर फ्रेमला नऊ पिना पाडल्या आणि उरलेली एक दर वेळी सोडली तर गेम ९० ला संपतो. तीच एक पिन दर वेळी उचलली तर १९०. शंभर पॉइंटचा फरक, तोही सगळ्यात सोप्या दिसणाऱ्या बॉलवर! आमच्या ग्रुपमध्ये मात्र सगळे स्ट्राइकचे व्हिडिओ काढतात, स्पेअरला कोणी मोबाईल बाहेर काढत नाही.

उजव्या हाताने खेळणाऱ्याला दहा नंबर का छळते? लेन साधारण साडेएक्केचाळीस इंच रुंद आणि दोन्ही कोपऱ्यांतल्या ७ आणि १० मध्ये अंतर ३६ इंच, म्हणजे दहा नंबरची पिन कडेपासून जेमतेम पावणेतीन इंचावर उभी असते. मधल्या पिनला बॉल डावीकडून लागो की उजवीकडून, चालून जातं, कोपऱ्यात उजवीकडची बरीचशी मुभा लेनच्या कडेचं गटर खाऊन टाकतं. त्यात आपल्या सेंटरांमध्ये लेनवर लावलेलं ऑइल मधोमध जास्त आणि कडेला नावाला, त्यामुळे रिॲक्टिव्ह बॉल कडेच्या कोरड्या भागात पोचला की पकड घेतो आणि पिनच्या तोंडाशी येऊन डावीकडे वळतो. प्लॅस्टिकला ऑइल काय आणि कोरडं काय, तो आपला सरळ जातो. मी डावीकडे साधारण ३५ व्या बोर्डावर (बोर्ड म्हणजे जमिनीवरच्या उभ्या पट्ट्या, उजवीकडून मोजायच्या) उभा राहतो, लेनवर काढलेल्या बाणांपैकी मधल्या ॲरोवरून तिरका मारतो, बॉल अख्खी लेन आडवी कापत कोपऱ्यात जातो. मनगट फिरवायचं नाही, हस्तांदोलनाला पुढे करतो तसा हात तर अजिबात नाही, तळवा बॉलच्या मागे ठेवायचा आणि हात थेट टार्गेटकडे वर न्यायचा. ज्यांना सवयीने हात फिरतोच त्यांचा प्लॅस्टिकसुद्धा शेवटी जरा वळतो, तेव्हा बॉलला शिव्या देऊ नका.

पहिले काही आठवडे मी एकदम खूश होतो, मित्रांना सांगत सुटलो की घ्याच. मग एके दिवशी बॅग उचलून न्यायचा कंटाळा आला म्हणून सेंटरच्या रॅकवरचाच बॉल घेतला आणि डोक्यात आलं की अरे, रॅकवरचे बॉलही बहुतेक प्लॅस्टिकचेच असतात की. मग मी पैसे कशाचे मोजले? कस्टम ड्युटी आणि शिपिंग धरून या बॉलवर जे गेले त्यात घरातला मिक्सर बदलून झाला असता (बायकोने हे एकदा नाही, बऱ्याचदा ऐकवलंय). तो पूर्ण गेम रॅकवरच्या बॉलने स्पेअर मारले तेव्हा उत्तर मिळालं. त्याचं अंगठ्याचं भोक एवढं ऐसपैस की बॉल हातातून सुटू नये म्हणून मी तो आवळून धरत होतो. आवळला की सोडताना मनगट वळतं, आणि मनगट वळलं की सरळ बॉल सरळ राहत नाही. म्हणजे पैसे प्लॅस्टिकचे नव्हतेच, माझ्या हाताच्या मापाने पाडलेल्या तीन भोकांचे होते. त्यातही खरं काम अंगठ्याच्या भोकाचं. बॉलचा कलर, लोगो, कोअर कसलं आहे, कव्हरवर किती ग्रिट मारलंय, स्पेअर बॉलसाठी ही चर्चा करणाऱ्यांना माझा नमस्कार.

आणि नेमकं तेच भोक मुंबईत धड राहत नाही. जूनमध्ये दरवाजे फुगतात तसा माझा अंगठा फुगतो. घाटकोपरहून मेट्रोने अंधेरी, तिथून पुढे चालत, हातात जड बॅग, घाम, दमट हवा, सेंटरला पोचतो तेव्हा अंगठा भोकात अर्धाच जातो. जबरदस्ती केली तर सोडताना अडकतो, बॉल उशिरा सुटून वर उचलला जातो आणि लेनवर धप्प. काउंटरवरचा मुलगा तिथूनच बघतो. मग आतल्या एसीत अर्धा-पाऊण तास गेला की अंगठा बारीक होतो, तेच भोक सैल, परत आवळणं सुरू, दहा नंबर परत उभी. एकाच संध्याकाळी आधी घट्ट मग सैल!

हे ड्रिलिंगवाल्याला समजावायला गेलो तर म्हणे, "वापरून वापरून सेट होईल, सर." अहो काय सेट होईल, प्लॅस्टिक आहे, चप्पल नाही. घासून घेतलं, पैसे दिले. ते उकाड्यातल्या अंगठ्याला बरोबर बसलं, एसीतल्या अंगठ्याला ढगळ. परत गेलो तर म्हणे तुमचा हातच तसा आहे. घासायचं माप त्याने घेतलं होतं मी बाहेरून घामाघूम आल्या आल्या, पंख्याखाली पाच मिनिटं बसवलंही नाही, आणि वर आठशे. रिसीट ठेवा, कुठल्या भोकाला काय केलं ते लिहून घ्या. आमच्याकडे तोंडी हिशोब होता आणि तोंडी हिशोबात दुकानदार कधी हरत नाही.

उपाय दुसऱ्याच एका जुन्या खेळाडूने फुकटात सांगितला. भोक बारीक झालेल्या अंगठ्याच्या मापाने ठेवायचंच नाही, फुगलेल्या अंगठ्याला मोकळं जाईल एवढं करून घ्यायचं आणि आत टेपच्या पट्ट्या लावायच्या. आल्या आल्या पट्ट्या कमी, अंगठा बारीक झाला की एक वाढवायची, अजून सैल वाटलं की अजून एक. खडबडीत टेप पेराच्या बाजूला लावली तर पकड येते, गुळगुळीत टेप मागे लावली तर अंगठा पटकन सुटतो. एवढीशी गोष्ट, पण त्या दिवसापासून आवळणं बंद आणि दहा नंबर बऱ्यापैकी पडायला लागली. पुढे जाऊन अंगठ्याचा स्लग (ज्यात अंगठ्याचं भोक असतं तो प्लॅस्टिकचा तुकडा) अदलाबदल होणारा बसवून घेतला, फिरवून काढायचा आणि दुसऱ्या बॉलमध्ये लावायचा. आता दोन्ही बॉलमध्ये अंगठ्याला एकच भोक लागतं, टेप एकदाच जुळवायची. हे मी तक्रारीच्या सुरात लिहायला बसलो होतो, पण या स्लगने पैसे वसूल केले, कबूल आहे. दोन बॉल असतील तर हे पहिल्या दिवशीच करून घ्या, दोनदा ड्रिलिंग करू नका.

आता दोष. प्लॅस्टिक प्रत्येक स्पेअरला चालत नाही. २-८ किंवा ३-९, म्हणजे एकामागे एक लपलेल्या पिना, तिथे हा पुढच्या पिनला लागून बाजूला सरकतो आणि मागची तशीच उभी राहते. बकेट, म्हणजे २-४-५-८ चा घोळका, राहिली तरी तेच. तिथे मी स्ट्राइकचाच बॉल घेतो, तो वळत आत घुसतो. डावीकडच्या पिनांसाठी स्ट्राइकच्या लाइनवरून उजवीकडे तीन, सहा, नऊ बोर्ड सरकायची जी ठरलेली पद्धत आहे ती त्याच बॉलने जमते. प्लॅस्टिक फक्त कोपऱ्यांसाठी आणि एकट्या पिनेसाठी, त्यात ७ आणि १० दोन्ही आल्या. दोन्ही एकदम उभ्या राहिल्या तर मात्र एक पाडा आणि गप्प बसा. टीव्हीवरच्या पीबीए (अमेरिकेतल्या व्यावसायिक बोलर्सची संघटना) स्पर्धेत ७-१० स्प्लिट पहिल्यांदा मार्क रॉथने १९८० मध्ये काढला, मग १९९१ मध्ये दोघांनी आणि त्यानंतर थेट २०२१ मध्ये अँथनी न्यूअरने. एवढ्या वर्षांत बोटांवर मोजण्याएवढेच. आमच्या ग्रुपमधले लोक तरी दर वेळी ट्राय मारतात आणि हातची एक पिनही घालवतात.

दोन बॉल म्हणजे वजनही आलं, चौदा-चौदा पौंडांचे दोन, साधारण पावणेतेरा किलो, वर शूज. मेट्रोच्या स्कॅनरवर सुरुवातीला बॅग हमखास थांबवायचे. एका मॅडमनी उघडायला लावली, तीन भोकं बघितली, बोटं घातली, उचलायला गेल्या आणि लगेच खाली ठेवत म्हणाल्या, "दादा, हे घेऊन रोज कुठे जाता?" आता ओळखतात, नुसता हात दाखवतात.

देखभाल जवळपास शून्य. रिॲक्टिव्ह ऑइल पिऊन मंदावतो, त्याला क्लीनर, टॉवेल, सगळे लाड. प्लॅस्टिक ऑइल पीत नाही, मी जुन्या सुती साडीच्या तुकड्याने पुसतो. गाडी असणाऱ्यांनी दोन्ही बॉल डिकीत उन्हात सोडू नका, विशेषतः रिॲक्टिव्ह तडकतो. वजन स्ट्राइकच्या बॉलएवढंच घ्या, हलका घेतला की स्विंगचं टायमिंग बदलतं.

महागडा घेऊ नका, सगळ्यात साधा पॉलिएस्टर बस. वाचलेले पैसे ड्रिलिंगला ठेवा, आणि भोक फुगलेल्या अंगठ्याच्या मापाने करून घ्या, बाकीचं टेपने जुळवा. टेप बोलिंगचीच घ्या, इलेक्ट्रिशियनवाली काळी टेप नको, तिचा गोंद गरमीत अंगठ्याला लागतो, आमच्यातल्या एकाच्या अंगठ्यावर हे सिद्ध झालंय. बोलिंगची टेप महाग पडते म्हणून मी एक पट्टी उभी कापून दोन करतो, काही फरक पडत नाही.