किमो सुरू असलेल्या मुलाच्या घरासाठी थर्मामीटर: काडीचा, गनचा की कानाचा?

डिस्चार्जच्या दिवशी आई-बाबांच्या हातात खूप काही पडतं. औषधांची पिशवी, पुढच्या सीबीसीची (रक्तपेशी मोजणाऱ्या तपासणीची) तारीख, काय खायचं आणि काय टाळायचं याची यादी, जाडजूड फाइल. त्या सगळ्यात एक ओळ असते: ताप १००.४ च्या वर गेला तर वाट न पाहता निघा. ही ओळ पाळायची तर १००.४ ला १००.४ च म्हणणारं यंत्र घरात हवं. बाजारात शंभर रुपयांपासून तीन-चार हजारांपर्यंतचे थर्मामीटर मिळतात. रक्ताच्या कॅन्सरवर उपचार चालू असलेल्या लहान मुलाच्या घरात त्यातला कोणता उपयोगी पडतो आणि कोणता घात करतो, हे इथे लिहिलं आहे.

आधी या एका आकड्याला इतकं महत्त्व का, ते बघू. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, सर्वात खाली जातात. जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी ५०० च्या खाली गेल्या, की अंगात जंतुसंसर्ग झाला तरी पू होत नाही, सूज येत नाही, लालीही दिसत नाही, कारण पू आणि सूज तयार करणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतात. अशा वेळी अनेकदा ताप हीच एकमेव हाक असते. ती ऐकू आली की शिरेतून अँटिबायोटिक शक्य तितक्या लवकर, रुग्णालयात पोचल्यापासून तासाभराच्या आत, सुरू व्हावं लागतं. बहुतेक वॉर्डांचा नियम असा असतो: एकदाच १०१ च्या आसपास (३८.३ सेल्सिअस) गेला, किंवा १००.४ (३८ सेल्सिअस) तासभर टिकला, तर निघा. काही ठिकाणी १००.४ एकदा दिसला तरी बोलावतात. आपल्या वॉर्डाने सांगितलेला आकडाच आपला आकडा. शेजारच्या खाटेवरच्या मुलाला वेगळा सांगितला असेल तर तो त्याचा.

काडीचा डिजिटल: हाच घ्यावा, आणि दोन घ्यावेत

मेडिकलमध्ये साधारण दीडशे-तीनशे रुपयांत मिळणारा पेनासारखा डिजिटल थर्मामीटर या घरासाठी सर्वात भरवशाचा आहे. बरा असेल तर त्याची चूक ०.२ फॅरनहाइटच्या आत राहते. टोक मऊ, वाकणारं असेल तर लहान मुलाच्या काखेत नीट बसतं आणि झोपेत टोचत नाही. पन्नास रुपये जास्त द्यावे लागले तरी मोठ्या आकड्यांचा आणि दिवा लागणाऱ्या पडद्याचा घ्यावा. रात्री अडीच वाजता, झोपेच्या डोळ्यांनी, बारीक टिंब वाचायचं असतं.

याची चूक होते ती वापरण्यात, आणि जवळजवळ नेहमी एकाच पद्धतीने: आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी येतो. बीप वाजली म्हणजे मोजणं पूर्ण झालं असं घरोघरी समजतात. प्रत्यक्षात तापमानाची वाढ मंदावली की यंत्र बीप देतं. तोंडात टोक चहूबाजूंनी मिटलेलं असतं, त्यामुळे तिथे बीप आणि खरं तापमान बऱ्यापैकी जुळतात. काखेत मात्र टोकाभोवती हवा राहते, त्वचा तापायला वेळ लागतो, आणि बीप लवकर वाजून जाते. त्यामुळे बीपनंतरही टोक तिथेच धरून ठेवावं, एकूण पाच मिनिटं. दर मिनिटाला पडदा बघा: आकडा अजून वर सरकत असेल तर मोजणं संपलेलं नाही. ‘दहा सेकंदांत ताप’ असं लिहिलेले मॉडेल बहुधा वाढीच्या वेगावरून अंदाज बांधतात. मूल हललं, टोक सरकलं, की अंदाज कोसळतो. साठ सेकंदवाला साधा घ्या.

काख कोरडी करून घ्यावी, कारण घाम वाळताना त्वचा थंड करतो. टोक काखेच्या सर्वात खोल भागात, किंचित वरच्या दिशेने. मग मुलाचा हात छातीवरून आडवा आणून कोपर आपल्या तळहाताने दाबून धरायचा. कपड्याची शिवण मध्ये येत नाही ना, हे बोटाने चाचपावं. ती आली की एक-दीड डिग्रीचा फरक सहज पडतो. नुकतीच अंघोळ झाली असेल, गरम दूध प्यायलं असेल किंवा मूल गोधडीत गुरफटलेलं असेल तर पंधरा-वीस मिनिटं थांबून मोजावं. मात्र मूल सुस्त दिसत असेल तर थांबू नका, लगेच मोजा आणि नंतर पुन्हा मोजा. छातीवर पोर्ट (औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेली छोटी डबी) किंवा दंडात पिक लाइन (शिरेत ठेवलेली लांब नळी) असेल तर दुसऱ्या बाजूची काख वापरावी, म्हणजे ड्रेसिंग ओढलं जात नाही.

‘काखेतला आहे, म्हणजे एक डिग्री मिळवायची’ ही आपल्याकडची जुनी सवय इथे सोडावी. कोणी मिळवतं, कोणी मिळवत नाही, आणि फोनवर ऐकणाऱ्या डॉक्टरला दोन्हींतलं काय झालं ते कळत नाही. पडद्यावर दिसला तो आकडा सांगायचा आणि सोबत ‘काखेत’ म्हणायचं. बाकीचं गणित त्यांचं.

आणखी दोन सापळे. अनेक मॉडेल बटण दाबताच क्षणभर मागच्या वेळचा आकडा दाखवतात, बाजूला बारीक ‘एम’ असतो. घाईत तोच ताजा समजला जातो. दुसरा सापळा फॅरनहाइट-सेल्सिअसचा. बटण दाबून धरलं की काही मॉडेलचं एकक बदलतं, आणि मुलांना बटणं फार आवडतात. अचानक ३७.९ दिसलं की घरातले गडबडतात. कपाटाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी लावून ठेवा: ३७.५ म्हणजे ९९.५; ३८ म्हणजे १००.४, ३८.३ म्हणजे १००.९, ३८.५ म्हणजे १०१.३, ३९ म्हणजे १०२.२. रुग्णालयाचा तक्ता बहुधा सेल्सिअसमध्ये असतो आणि घरचं बोलणं फॅरनहाइटमध्ये, म्हणून ही चिठ्ठी दोन्हीकडे उपयोगी पडते.

गुदद्वारातून ताप मोजायचा नाही. काही पुस्तिकांत ‘लहान मुलांसाठी सर्वात अचूक’ म्हणून ती पद्धत दिलेली असते, पण किमोच्या मुलासाठी ती धोक्याची आहे. तिथलं अस्तर नाजूक झालेलं असतं, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी कमी असतील तर रक्त येतं आणि आतड्यातले जंतू रक्तात उतरायला वाट मिळते. याच कारणासाठी तापाची सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची गोळी) आणि एनिमाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. तोंडात लावणंही टाळावं: किमोने तोंडात अनेकदा फोड आलेले असतात, आणि पाच वर्षांच्या आतलं मूल टोक चावतं.

गन: सोय आहे, पण निकाल देण्याइतकी नाही

कपाळासमोर धरायच्या इन्फ्रारेड गन २०२० पासून घरोघरी आल्या. मूल न उठवता सेकंदात आकडा मिळतो, हा तिचा खरा गुण. रात्रभरात दोनदा बघायचं असेल तर आईची आणि मुलाची झोप वाचते, ही या घरात लहान गोष्ट नाही.

पण गन बघते ती फक्त त्वचा. पंख्याखाली कपाळ थंड असतं, टोपी काढल्या काढल्या गरम असतं. किमोच्या मुलाच्या डोक्यावर टोपी किंवा रुमाल जवळजवळ कायम असतो, तेव्हा तो काढून दहा मिनिटं जाऊ द्यावीत. उन्हातून रिक्षाने आलेल्या मुलाचा आकडा निरर्थक असतो. गनमध्ये ‘बॉडी’ आणि ‘सरफेस’ असे दोन मोड असतात. दुधाची बाटली तपासायला कोणी सरफेसवर नेलं आणि परत आणलं नाही, तर तापातल्या मुलाचाही आकडा ९४-९५ येऊ शकतो. गनच्या काचेवर बोटाचा ठसा असला तरी कमी येतो.

सर्वात वाईट गोष्ट अशी की जेव्हा गरज सर्वात मोठी तेव्हाच गन फसवते. ताप चढताना थंडी वाजते, त्या वेळी त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, हातपाय आणि कपाळ गार पडतं, आणि आत शरीर तापत असतं. गन ९८ दाखवते, मूल दात वाजवत असतं. म्हणून गनने जास्त दाखवलं तर काडीने खात्री करा. गनने कमी दाखवलं आणि मूल बरं दिसत नसेल, तरीही काडीनेच खात्री करा. पैसे मोजकेच असतील तर गन घेऊ नका. त्या हजार-दीड हजारात उपचारासाठीच्या मुंबईच्या दोन फेऱ्यांचा खर्च निघतो.

कानाचा, पाऱ्याचा, पट्टीचा

कानाचा थर्मामीटर चांगला आहे, पण नीट लावता आला तर. एक वर्षाच्या वरच्या मुलाच्या कानाची पाळी मागे आणि वर ओढून टोक सरळ कानाच्या पडद्याच्या दिशेने धरावं लागतं. भोकात नुसतं टेकवलं तर कानाच्या भिंतीचंच तापमान येतं. मळ असेल, किंवा मूल त्या कुशीवर झोपलेलं असेल, तर आकडा बदलतो. दर वेळी त्याच्या टोकावर प्लास्टिकची नवी टोपी लागते आणि ती तालुक्याच्या मेडिकलमध्ये हटकून मिळेल असं नाही.

पाऱ्याचा अचूक असतो, पण फुटतो. पाऱ्याच्या वापराविषयीच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय कराराने जगभर तो हटवायचं ठरवलं आहे, आणि ज्या घरात मूल जमिनीवर खेळतं तिथून तो आजच हटवावा. फुटलाच तर झाडू मारू नका, त्याने थेंब बारीक होऊन पसरतात. मुलाला दुसऱ्या खोलीत न्या, खिडक्या उघडा, कडक कागदाने थेंब गोळा करून झाकणाच्या बरणीत पाण्याखाली ठेवा.

कपाळाला चिकटवायच्या रंग बदलणाऱ्या पट्ट्यांवर एक रुपयाही घालवू नये.

घेताना आणि ठेवताना

नवीन काडी घरी आणल्यावर आधी मोठ्या माणसावर तपासा. दोन्ही काड्या एकाच काखेत, पाच मिनिटं, तीन वेळा. दोघींत ०.३ पेक्षा जास्त फरक येत असेल तर दुकानात परत करा. बिल जपून ठेवा. एक काडी घरात आणि दुसरी रुग्णालयाच्या पिशवीत, म्हणजे प्रवासात मोजता येतं. टोक स्पिरिटच्या कापसाने किंवा साबणाच्या गार पाण्याने पुसावं. उकळत्या पाण्यात घातली की काडी कायमची बिघडते. पडदा फिका झाला की सेल बदला. जुना बटण सेल त्याच क्षणी कागदात गुंडाळून उंचावर ठेवा. तो गिळला तर अन्ननलिका भाजते.

आकडा आल्यावर

तापाचं औषध आधी द्यायचं नाही. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, जंतू तिथेच राहतात, आणि डॉक्टरांसमोर मूल ९९ वर पोचतं. सर्दीच्या अनेक सिरपमध्येही पॅरासिटामॉल असतं, म्हणून बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. आयबुप्रोफेन असलेली औषधं आणि ॲस्पिरिन तर प्लेटलेटसाठीही वाईट. कॉम्बिफ्लॅमच्या सिरपमध्ये आयबुप्रोफेन असतं, हे आजी-आजोबांनाही सांगून ठेवा.

थर्मामीटर ताप दाखवत नसतानाही निघायचं, असे तीन प्रसंग आहेत. डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन चालू असेल तर स्टिरॉइड ताप दाबून ठेवतं, तेव्हा मूल निपचित असणं हेच लक्षण. लाइन किंवा पोर्ट फ्लश केल्यानंतर (सलाइनने आतून धुतल्यानंतर) तासाभरात हुडहुडी भरली तर लाइनमध्येच जंतू असण्याची शक्यता असते. आणि काखेत नीट मोजूनही आकडा ९६.८ च्या खाली येत असेल, हातपाय गार असतील, मूल ओळखीचं हसत नसेल, तर ते तापापेक्षाही गंभीर असू शकतं. आजीने कपाळाला हात लावून ‘अंग गरम लागतंय’ म्हटलं तर लगेच मोजा. पण ती ‘काही नाही, गार आहे’ म्हणाली म्हणून मोजणं टाळू नका.

परळला टाटात उपचार आणि घर जळगावला किंवा नांदेडला, अशी कुटुंबं पुष्कळ आहेत. त्यांना आठ-दहा तासांच्या प्रवासानंतरचं पहिलं इंजेक्शन परवडणारं नाही. डिस्चार्जपूर्वीच डॉक्टरांकडून एक पत्र मागून घ्या: मुलाचा आजार, कोणता किमो कधी झाला, ताप आल्यास कोणतं अँटिबायोटिक लगेच सुरू करावं, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे. हे पत्र घेऊन आधी जिल्ह्याच्या ज्या रुग्णालयात रात्रीही शिरेतून औषध मिळतं तिथे जायचं, मुंबईला फोन वाटेत. ते रुग्णालय कोणतं, हे ताप नसताना, दिवसाउजेडी जाऊन विचारून ठेवा. पोर्ट असेल तर सुन्न करणारं मलम त्यावर लावून पट्टी बांधा आणि मगच घराबाहेर पडा. त्याला तासभर लागतो, तेवढ्यात पोचाल आणि सुई कमी दुखेल.

फोनवर सुरुवातीलाच एवढं सांगा: मुलाचा फाइल नंबर, ताप किती, कुठे मोजला, किती वाजता, शेवटचा किमो कोणत्या तारखेला, शेवटचे काउंट किती, लाइन आहे की पोर्ट, तापाचं औषध दिलं आहे का. हा क्रम वहीच्या पहिल्या पानावर लिहून त्याच पानाला थर्मामीटर रबराने अडकवून ठेवा.